लेझर प्रिंटर कागद जाळत नाही

‘लेझर प्रिंटरमधला किरण कागद भाजून अक्षरं उमटवतो, म्हणून प्रिंट गरम येते आणि कागद लवकर खराब होतो’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

लेझरचा किरण कागदाला शिवतही नाही. तो आतल्या ड्रमवर, म्हणजे फिरणाऱ्या नळकांड्यावर, पडतो. ड्रमवर आधी विद्युतभार दिलेला असतो. प्रकाश पडतो तिथला भार निघून जातो आणि अक्षरांची न दिसणारी आकृती तयार होते. टोनर तिला चिकटतो, तिथून कागदावर ओढला जातो. टोनर म्हणजे पातळ शाई नव्हे, रंग मिसळलेली प्लास्टिकची बारीक पूड. शेवटी सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापलेल्या रोलरखाली ती वितळून कागदात घट्ट बसते. प्रिंट गरम लागते ती यामुळे. कागद तिथून झटकन पुढे सरकतो, जळत नाही.

विद्युतभाराने पूड चिकटवायची ही मूळ युक्ती अमेरिकन संशोधक चेस्टर कार्लसन यांची, २२ ऑक्टोबर १९३८ची. तेव्हा लेझर जन्मलाही नव्हता, साध्या दिव्यावर काम झालं!

उष्णतेने थेट अक्षरं उमटतात ती थर्मल कागदावरच्या दुकानाच्या बिलांवर. ती मात्र खरंच उडतात. वॉरंटीचं बिल असेल तर त्याची झेरॉक्स आजच काढून ठेवा.