टेक्सासची मॅच बघ आणि मग बोल: 2019 च्या एलएसयूवरून कट्ट्यावर झालेली जुंपाजुंपी

काल टपरी बंद झाली तरी आम्ही पारावरून उठलो नाही. विषय होता एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीची 2019 ची फुटबॉल टीम, पंधराच्या पंधरा मॅच जिंकलेली. (पायाने खेळतात तो फुटबॉल नाही हां, अमेरिकेतला, हेल्मेटवाला.)

दाद्या सुरुवातीलाच म्हणाला, "टीमचं कसलं कौतुक रे, सगळा सीझन एकट्या जो बरोचा, 60 टचडाऊन पास (ज्यावर पलीकडच्या टोकाला पोहोचून पॉइंट मिळतात ते) टाकणारा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू असला तर कोणीपण चॅम्पियन होईल."

मला हे पटतच नाही. बरो भारीच, हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात भारी खेळाडूचं बक्षीस, उगाच नाही मिळत, पण हाच बरो ओहायो स्टेटला बाकावर बसून होता आणि एलएसयूला आल्यावर पहिल्या वर्षी त्याचे टचडाऊन पास होते 16. मग एका वर्षात 16 चे 60 झाले कसे? खेळच बदलला म्हणून. एलएसयू म्हणजे बॉल घेऊन पळायचं आणि डिफेन्सच्या जिवावर मॅच काढायची, वर्षानुवर्षं हेच. कोच एड ऑर्जरॉननी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक टीममधून जो ब्रेडीला आणलं, तिशीही न गाठलेला पोरगा, आणि साठीतल्या कोऑर्डिनेटर, म्हणजे हल्ल्याचे डाव आखणाऱ्या कोच स्टीव्ह एन्समिंगरनी मान-अपमान न धरता त्याच्यासोबत बसून पास टाकत जायचा नवीन खेळ उभा केला.

म्हणून म्हणतो ऑस्टिनची टेक्सासविरुद्धची मॅच बघा. एलएसयू 37-31 ने पुढं, शेवटची अडीचेक मिनिटं राहिलेली, थर्ड अँड सेव्हंटीन, म्हणजे तिसरा चान्स आणि अजून 17 यार्ड हवेत. जुनी एलएसयू असती तर गपचूप पळून घड्याळ खाल्लं असतं आणि बॉल लाथाडून दिला असता. टेक्सासने माणसं सोडली अंगावर, बरो दोन पावलं पुढं सरकला आणि पळता पळता बॉल फेकला जस्टिन जेफरसनला, तो जो सुटला तो थेट 61 यार्डांचा टचडाऊन! मॅच 45-38. माझ्या मते चॅम्पियनशिप तिथंच, सप्टेंबरमध्येच दिसली होती.

मास्तर म्हणाले, "ठीक आहे, पण पुढच्या वर्षी 5-5 झाले की, पाच जिंकल्या नि पाच हरल्या."

अहो मास्तर, 14 जण एकाच ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडायच्या फेरीत) एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला गेले, ब्रेडी पण गेला, घर अर्धं रिकामं झाल्यावर काय होणार? आणि 14 जण गेले यातच दाद्याला उत्तर आहे ना, एकटा बरो कुठं होता!

"बरं, पण ओक्लाहोमाला 63-28 धुतलं तेव्हा सात टचडाऊन पास एकट्या बरोचेच ना, तेही हाफटाइमच्या आत," दाद्या काही सोडेना. मग मी त्याला त्या दिवसाचं सांगितलं. मॅच सुरू व्हायच्या काही तास आधी एन्समिंगरची सून विमान अपघातात गेली होती. बातमी मैदानावर कळली, डोळे भरलेले, आणि तरी तो माणूस वर कोचच्या बूथमध्ये हेडसेट लावून बसला आणि आपलं काम केलं.

दाद्याला हे माहीतच नव्हतं. जरा वेळानं म्हणाला, "मग फायनलला होता का तो?"

होता की. सलग 29 मॅच जिंकून आलेलं क्लेमसन 17-7 ने पुढं गेलं तेव्हाही होता आणि 42-25 झालं तेव्हाही.