फिरंग्याचा डगला मी का चढवला

काका,

तुम्ही नाव दिलेलं नाही, पण वय ७१ लिहिलंय, म्हणून काकाच म्हणतो. गोव्यातल्या फोंड्याच्या किल्ल्यावर १६८३ साली मराठे आणि पोर्तुगीज लढले, तो प्रसंग आम्ही पंधरा-सोळा जणांनी उभा केला, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच सुनावलंत. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या मते हे विलायती थेर आहे. युद्ध हा रविवारचा विरंगुळा नव्हे, तुमचे थोरले बंधू सैन्यात होते आणि घरी त्यांनी लढाईचा शब्दही कधी काढला नाही. आणि फोंड्यात जन्मून पोर्तुगीज शिपाई व्हायला मला लाज कशी वाटली नाही? जाता जाता असंही, की फोटोतल्या एका फिरंग्याच्या मनगटावर घड्याळ आहे.

विलायतीचं आधी उरकतो. इंग्लंडमध्ये तिथल्या सतराव्या शतकातल्या यादवीच्या लढाया करून दाखवणारी मंडळी १९६८पासून आहेत. वॉटर्लूच्या लढाईच्या द्विशताब्दीला, २०१५ साली, हजारो लोक गणवेश चढवून शेतात उतरले होते. त्यांचे नियम आम्ही उचलले हे कबूल: पात्याला धार नाही, टोक गोल घासलेलं, डोक्यावर वार नाही, भोसकणं नाही. पण हौस तिथून आलेली नाही. डिचोलीत शिमग्याला घोडेमोडणी निघते ती काय आहे? कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार, ढोल-ताशांच्या ठेक्यावर पुढे-मागे. माझं आजोळ तिकडचं. लहानपणी मी त्या घोड्यांमागून अनवाणी धावलोय.

फक्त एक गोष्ट मला पुढे खटकायला लागली. मी पाहिलेल्या घोडेमोडणीत शत्रू कधी दिसला नाही. सगळे जिंकून परत आलेले. कुणाला हरवलं, तो कसा होता, त्याच्या हातात काय होतं, काही नाही.

आम्ही भूमिका वाटायला बसलो तेव्हाही तेच झालं. किल्ला लढवणारे मराठा सरदार येसाजी कंक व्हायला चौघे तयार. त्यांचा मुलगा कृष्णाजी, जो त्या लढाईतल्या जखमांनी पुढे गेला, त्यासाठी तर दोघांचं भांडण. फिरंगी व्हायला एकही हात वर नाही. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, माझं नाव निघालं. तेव्हा मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग तयारी सुरू केली आणि मामला गुंतागुंतीचा झाला. पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला तेव्हा त्याच्या फौजेत सगळे लिस्बनहून आलेले नव्हते. गोव्याच्याच तिसवाडी-साश्टीतली आपली माणसं त्यात होती, पोर्तुगीज ज्यांना ‘कानारी’ म्हणत. म्हणजे माझा शिपाई गोरा असायची गरजच नव्हती. तो माझ्याच रंगाचा, बहुधा माझीच भाषा बोलणारा, आणि तटावरून त्याला पडणारी शिवीही त्याला पूर्ण समजणारी! सराव करताना तटावरून आमचा एक गडी ओरडला, ‘‘यो रे यो, मरूंक आयलो!’’ म्हणजे, ये रे ये, मरायला आलास! मला हसू आलं आणि लगेच विरलं. हे मला वाचून कधी कळलं नव्हतं.

हत्यारांचंही तसंच. मराठा स्वारांची नावाजलेली तलवार म्हणजे फिरंग. नावातच आहे, पातं युरोपातलं, मूठ इथली. अशी पाती पोर्तुगीजांच्या बंदरांतूनही येत. आमच्यातल्या ‘मावळ्या’च्या हातात फिरंग्याचं पातं आणि माझ्या ‘फिरंग्या’च्या अंगात देशी माणूस. सांगा आता, लाज नेमकी कुठे शोधायची?

तोड्याच्या बंदुकीबद्दल मात्र दोन ओळी जास्त लिहिणार, मला राहवत नाही. आम्ही दारू भरत नाही, बार काढत नाही. पण तोडा, म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, खरीच पेटवतो. ती उदबत्तीसारखी धुमसत राहते. ती हातात धरून नळीत दारू, मग गोळी, मग गज, मग कानावर, म्हणजे नळीच्या भोकाशी, रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, आणि हे सगळं करताना जळतं टोक दारूपासून लांब. एका बारासाठी एवढा उपद्व्याप, तोवर समोरून घोडेस्वार आलेला. राजापुराकडून संभाजी महाराजांची कुमक येऊन थडकल्यावर व्हाइसरॉयला वेढा उठवून मागे का फिरावं लागलं, ते गज हातात धरून उभं राहिल्यावर हातांना कळतं. त्यात डगला. म्हापशाच्या ज्या दर्ज्याने शिवला तो तियात्रांचे, म्हणजे कोंकणी नाटकांचे, कपडे शिवतो. त्याला तीनदा सांगावं लागलं, बाबा, चकाकी नको. फोंड्याच्या उन्हात अर्ध्या तासात मी भिजून चिंब.

आता तुमच्या बंधूंचं. इथे माझ्याकडे चोख उत्तर नाही. आमचा एक नियम आहे: ज्या लढाईला पाहिलेलं माणूस हयात आहे ती करायची नाही. गेल्या डिसेंबरात एकाने १९६१चं, गोवामुक्तीच्या वेळचं, अंजदीव बेट सुचवलं. तिथे आपले नौसैनिक कामी आले, त्यांची घरं आहेत, माणसं आहेत. आम्ही नाही म्हटलं. पण १६८३च्या मेलेल्यांना घरं नव्हती का, असं तुम्ही विचाराल, आणि तो प्रश्न मला टाळता येणार नाही. पहिल्या वर्षी आम्ही लाल रंगाच्या पिशव्या सदऱ्याआड बांधल्या होत्या. मी पडलो, पिशवी फुटली, आणि पुढच्या रांगेतली एक पोर अशी किंचाळली की तिची आई तिला उचलून निघून गेली. तेव्हापासून रंग बंद. पडायचं, आणि उठा म्हणेपर्यंत पडून राहायचं. ती पाच-सात मिनिटं गवतात तोंड घालून मुंग्या चावत असतात, विरंगुळा त्याला मी तरी म्हणणार नाही.

पुढच्या वेळी जुवे बेटावरची लढाई करायचा विचार आहे. १६८३च्याच नोव्हेंबरातली ती रात्र, ओहोटीचं पाणी ओलांडून बेटावर गेलेले थोडेसे मराठे, आणि सकाळी किल्ला परत घ्यायला आलेला व्हाइसरॉय स्वतः जखमी होऊन माघारी. पाण्यात कुणाला उतरवायचं नाही एवढं ठरलंय, बाकी काहीच नाही. मी पुन्हा पलीकडच्याच बाजूला असेन.

आणि ते घड्याळ. लेखाला तीनशेच्या वर प्रतिक्रिया आल्या, तुमच्याशिवाय एकालाही दिसलं नाही. तो हात माझाच.