शॉक, वाळू आणि इलेक्ट्रिक स्कूटर: फिरत्या संदेशातील दावे तपासताना

गेल्या पंधरवड्यापासून सोलापुरातील व्हॉट्सॲप गटांवर पावसाळ्यातील सावधगिरीचा म्हणून एक संदेश फिरतो आहे. त्यात पाच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. शॉक बसलेल्याला गळ्यापर्यंत ओल्या वाळूत पुरले की अंगातला करंट उतरतो. तो उठून बोलू लागला आणि जखम लहान असली तर दवाखान्याची गरज नाही. पायात रबरी चप्पल असली की शॉक बसत नाही. इलेक्ट्रिक स्कूटर पावसात चालवली तर बॅटरीच्या करंटने माणूस जागीच दगावतो. आणि बिनलायसन्सच्या स्कूटरला हेल्मेट लागत नाही. मी येथील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात अनेक वर्षे काम केले आहे आणि यांतील पहिल्या दाव्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिला आहे.

वाळूचा दावा सर्वांत घातक आहे. शरीर म्हणजे करंट साठवणारी टाकी नव्हे. वायरचा संपर्क तुटला त्या क्षणी प्रवाह थांबतो आणि उतरवण्यासारखे आत काही उरत नाही. बिघडलेले असतात ते हृदयाचे ठोके. घरगुती वीज छातीतून गेली तर हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागतात, मेंदूकडे रक्त जात नाही, आणि उपचाराविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. यंत्रमागाच्या कारखान्यातील एका तरुण कामगाराला आमच्याकडे आणले तेव्हा त्याच्या केसांत, कानांत आणि बनियनच्या आत ओली वाळू होती. शेजारच्या बांधकामावरील ढिगात त्याला जवळपास वीस मिनिटे पुरून ठेवले होते. वाळू झटकत आम्ही छाती दाबत राहिलो, पण तो परत आला नाही. सोबत्यांनी जे केले ते मायेपोटीच केले होते, म्हणूनच असे संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा मला राग येतो.

करायचे ते एवढेच आहे. आधी मेन स्विच पाडावा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करावी. तुटून पडलेल्या उच्चदाबाच्या तारेजवळ मात्र वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जाऊच नये. श्वास नसेल तर 108 ला फोन लावून छातीच्या मधोमध 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहावे. शॉक बसणारे बहुधा तरुण असतात, त्यांचे हृदय मुळात धडधाकट असते, आणि म्हणूनच या दाबण्याला यश येण्याची आशा अधिक असते.

दुसऱ्या दाव्यात थोडे तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. घरच्या 230 व्होल्टचा झटका बसला, शुद्ध गेली नाही, जखम नाही आणि ईसीजी नीट आला, तर बहुतेकांना आम्ही घरी पाठवतो. पण हा निर्णय जखमेच्या आकारावरून होत नाही. विजेचे भाजणे बाहेरून ज्वारीच्या दाण्याएवढे दिसते आणि आत हाडालगतचे स्नायू शिजलेले असतात. ते स्नायू फुटून त्यांतील द्रव्य रक्तात उतरते, मूत्रपिंडे तुंबतात, आणि लघवी काळ्या चहासारखी होते. हात सुजून घट्ट झाला, बोटे बधिर पडली, तर काही तासांत चीर देऊन दाब मोकळा करावा लागतो, नाहीतर हात जातो. शुद्ध हरपली असेल, छातीत धडधडत असेल, अंग ओले असेल, भाजल्याची खूण असेल, रुग्ण मूल किंवा गरोदर स्त्री असेल, तर कितीही बरे वाटत असले तरी ईसीजी काढलाच पाहिजे. उच्चदाबाच्या शॉकनंतर काही महिन्यांनी मोतीबिंदू झाल्याचीही उदाहरणे आहेत.

चप्पल तळव्याखालची वाट अडवते, तीही कोरडी आणि न झिजलेली असेल तर. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा शॉक बसतो तेव्हा एक हात कूलरच्या पत्र्यावर आणि दुसरा नळावर किंवा लोखंडी खिडकीवर असतो; प्रवाह हातातून हातात, म्हणजे थेट छातीतून जातो. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणून निर्धास्त राहणेही चूक आहे. 16 अँपिअरची एमसीबी वायरिंग वाचवते. हृदय थरथरायला मात्र अँपिअरचा दहावा भागही पुरतो. माणूस वाचवायला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, आणि खरे अर्थिंग लागते.

आता स्कूटर. तिची बॅटरी बहुधा 48 ते 72 व्होल्टची असते आणि तिचे विद्युत मंडल (सर्किट) गाडीच्या सांगाड्यापासून वेगळे ठेवलेले असते, त्यामुळे पावसात चालवताना चालकाला प्राणघातक शॉक बसण्याची भीती अनाठायी आहे. शॉकचा खरा धोका चार्जरच्या भिंतीकडच्या बाजूला, त्या 230 व्होल्टमध्ये आहे: अंगणात ओढलेला एक्स्टेंशन बोर्ड, तिसरी पिन मोडलेला प्लग, चिकटपट्टी गुंडाळलेली वायर. पाण्यात बुडालेली गाडी तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

हेल्मेटचा दावा लवकर निकालात निघतो. ताशी 25 किलोमीटरच्या मर्यादेतील, 250 वॉटपर्यंतच्या गाडीला लायसन्स लागत नाही, हे खरे आहे. पण त्या वेगाने डोके आदळणे म्हणजे साधारण अडीच मीटरवरून, दाराच्या चौकटीहूनही उंचावरून पडण्यासारखे आहे.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही तो धोका आगीचा. 2022 मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. एक-दोन खोल्यांच्या घरांत जागा नसते म्हणून बॅटरी रात्री उंबऱ्यापाशी लावली जाते, आणि बाहेर पडायची वाट तेवढीच असते. उन्हातून आलेली बॅटरी आधी निवू द्यावी, गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरावा, घरातले जागे असताना चार्ज करावी, आणि ती दाराच्या वाटेत मुळीच ठेवू नये.