दुकानाकडून उत्तर: ‘इतिहासाच्या नावावर लूट’ या अभिप्रायाबद्दल

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय काल रात्री जेवताना मुलीने मोबाईलवर वाचून दाखवला. एक तारा, आणि खाली लिहिलंय: ‘इतिहासाच्या नावावर लूट. प्रदर्शनात ६०० ला मिळणारी घोंगडी हे २,५०० ला विकतात. दिसायला अगदी साधी, टोचते, ओली झाली की वास मारते, एका धुण्यात आखडली. फोन उचलत नाहीत. कुणी घेऊ नका.’ मामंजी तिथेच बसले होते. त्यांनी भाकरी अर्धी ठेवली आणि उठून मागाच्या खोलीत गेले. म्हणून हे उत्तर थोडं लांबणार आहे.

आधी आमचं चुकलं ते. तुमच्या १२ घोंगड्यांपैकी २ लांबीला चार बोटं कमी भरल्या. तुम्ही फोटो पाठवलात तो बरोबर आहे. आणि दिरांच्या घरी वास्तुशांत होती म्हणून दोन दिवस फोन घरीच राहिला, दुकानावर पाटी लावायची राहून गेली. या दोन्हीसाठी मनापासून माफी मागते.

पण ‘लूट’ हा शब्द काही घशाखाली उतरत नाही.

तुम्ही एप्रिलमध्ये फोन केलात. ६ जूनला शिवराज्याभिषेक दिनी गडावर शिवकालीन पहाऱ्याची छावणी उभी करायची, १२ मावळे, सगळं अस्सल पाहिजे, असं म्हणालात. मी २,८०० सांगितले. तुम्ही २,२०० म्हणालात. पोरं स्वतःच्या खिशातून पैसे घालून राजांसाठी काहीतरी करतायत म्हणून मामंजींनीच २,५०० ला हो म्हटलं. आता त्या २,५०० चा हिशोब इथे सगळ्यांसमोर मांडते, कारण आरोपही सगळ्यांसमोरच झालाय.

दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. एका मेंढीची वर्षाची लोकर साधारण अर्धा किलो, थोडी पुढेमागे. त्यातून माती, गोखरू, कुसळं काढली, धुतली, पिंजली की आणखी घटते. तुमची एकेक घोंगडी तीन हात रुंद, सहा हात लांब, वजनाला सव्वादोन किलोच्या आसपास. म्हणजे पाच-सहा मेंढरांची वर्षभराची लोकर तुमच्या खांद्यावर होती. लोकर निवडून, धुऊन, पिंजून हातात पडते ४५० ला. कताईचे १,०००. हे सूत आत्याबाई आणि गल्लीतल्या तिघी म्हाताऱ्या चरख्यावर काढतात, घरातलं उरकून दुपारी दोन-तीन तास, एका घोंगडीला दहा-बारा दिवस. तुम्हीच भागाकार करून बघा, कुणाला किती सुटतात ते. मग ताणा म्हणजे उभे धागे लावणं, चिंचोक्याची खळ आणि खड्डामागावरचं, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायच्या हातमागावरचं विणकाम, याचे ७५०. खळ म्हणजे चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली पेज. ती कुंच्याने ताण्यावर ओढायची आणि उन्हात वाळवायची. त्या आठवड्यात वळीव रोज चार वाजता हजर, त्यामुळे मामंजी सकाळी ताणा बाहेर काढत आणि ढग दिसला की आत पळवत. वय ७१. त्याचे जादा पैसे लावले नाहीत. पाठवणीचे १८०. एकूण झाले २,३८०.

राहिले १२० रुपये. १२ घोंगड्यांचे १,४४०. त्यातून दुकानाचं वीजबिलही जायचं आहे. यालाच तुम्ही लूट म्हणता.

६०० ची घोंगडी मिळते, मी नाही म्हणत नाही. माझ्या माहेरी दोन आहेत. पण ती कशाची असते ते सांगते. बहुतेक वेळा पानिपतहून येते. पानिपत म्हटलं की आपल्याला वेगळंच काही आठवतं, पण आज तिथे गाड्या भरभरून जुने लोकरी कपडे येतात, त्यांच्या चिंध्या करून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि यंत्रमागावर ब्लँकेटं होतात. पुरात, भूकंपात वाटतात ती पुष्कळदा तीच. तोही कष्टाचाच धंदा, मी नावं ठेवणार नाही. पण चिंध्यांपासून सूत काढायची ही रीत यॉर्कशायरमध्ये १८१३ च्या सुमारास निघाली. त्यात ॲक्रिलिकचा धागाही असतो, आणि ॲक्रिलिक बाजारात आलं १९५० च्या आसपास. राज्याभिषेक १६७४ चा. तुम्हीच मला फोनवर सांगितलं होतं की गेल्या वर्षी एका पोराच्या पायात बूट दिसले म्हणून लोक हसले. मग ६०० वाल्या ब्लँकेटला का नाही हसणार?

खात्री करायची असेल तर दोन्हींचा एकेक धागा उपटा आणि काडी लावा. लोकरीचा धागा केस जळल्यासारखा वास देतो, काडी बाजूला घेतली की बहुधा आपणच विझतो, आणि राख चिमटीत चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं, ठिबकतं, आणि थंड झालं की काळी टणक गाठ राहते, नखानेही फुटत नाही. तुमच्या छावणीत मशाली होत्या, शेकोटी होती. तुमच्याच एका फोटोत मावळ्याची घोंगडी मशालीपासून हातभरावर दिसते. ठिणगी पडली तिथे बोटभर भोक पडलं, एवढ्यावर निभावलं ते खऱ्या लोकरीमुळे. तेच वितळून अंगाला चिकटलं असतं तर अभिप्राय लिहायला वेळ मिळाला नसता. राग मानू नका, पण हे बोलावंच लागतं.

स्वस्तातलं काही सुचवलंच नाही, असंही नाही. फोनवर मी तुम्हाला म्हटलं होतं की १२ च्या १२ पूर्ण मापाच्या कशाला घेता? जे पहाऱ्यावर उभे राहणार, डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन पावसात बसणार, अशा पाच जणांना पूर्ण घ्या. बाकीच्यांना खांद्यावरच टाकायची आहे, त्यांना दोन हात बाय चार हाताची १,३०० ला होते. नाहीतर वापरलेल्या घ्या. आमच्याकडे आठवडी बाजारात मेंढके लोक जुनी घोंगडी द्यायला तयार असतात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत तर नव्या-जुन्या सगळ्या एका जागी दिसतात. ती यात्रा दसऱ्यानंतर, तुमचा कार्यक्रम जूनला, हे मान्य. पण वर्षभर आधी ठरवलं तर निम्म्या पैशात काम होतं, आणि वापरून मऊ पडलेली, उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली घोंगडी नव्यापेक्षा जास्त खरी दिसते. तुम्ही म्हणालात, ‘नाही ताई, सगळ्यांच्या सारख्या पाहिजेत, फोटोत उठून दिसल्या पाहिजेत.’ आता फोटोत सारख्या दिसणाऱ्या १२ घोंगड्या घेऊन कुठला मावळा हिंडत होता, ते मला ठाऊक नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही अभिप्रायात लिहिली नाही, ती मीच लिहिते. तुम्हाला प्रत्येक घोंगडीच्या कोपऱ्यात राजमुद्रा छापून पाहिजे होती आणि भगवा काठ पाहिजे होता. मामंजींनी हात जोडले. म्हणाले, ही पायाखाली येते, हिच्यावर माणूस बसतो, मेंढरू बसतं, हिच्यावर राजांची मुद्रा मी छापणार नाही. तुम्ही तेव्हा ‘बरं’ म्हणालात. आता लिहिता, ‘दिसायला अगदी साधी.’ साधीच असते हो. काळी, करडी, पांढरी, मेंढीच्या अंगावर असेल तो रंग. सूत कुठे जाड कुठे बारीक, कारण ते हाताने काढलंय. १६७३ साली हिंदुस्थानात आलेला जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर सूर्य मावळल्यावर कांबळीत गुंडाळून कुडकुडणाऱ्या इथल्या माणसांबद्दल लिहून गेलाय, असं आमच्याकडे येणारे इतिहासाचे एक सर सांगतात. त्याने तिच्यावर नक्षी होती असं काही लिहिलेलं नाही. आमच्या दुकानाच्या पाटीवरही ‘शिवकालीन’ हा शब्द नाही. ‘हातकताई, खड्डामाग, बिनरंगाची’ एवढंच आहे. शिवकालीन हा शब्द तुमच्या पत्रिकेत होता.

टोचते म्हणालात. दख्खनी लोकर राठ असते, टोचणारच. आत सुती अंगरखा असेल तर टोचत नाही. तुमच्या पोरांनी उघड्या अंगावर घेतली, ते फोटोत दिसतंय. मऊ पाहिजे असेल तर जावळाची घ्या, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, हे मी सांगितलं होतं. ती ४,२०० ला जाते. तुम्ही नको म्हणालात. ओल्या लोकरीला वास येतो. त्याला आमच्याकडे उपाय नाही, मेंढीकडेही नाही.

आता धुण्याचं. प्रत्येक घोंगडीसोबत चिठ्ठी होती: ‘वारंवार धुऊ नये. उन्हात टाकून झटकावी. धुवायचीच तर गार पाण्यात, रिठ्याने, न चोळता. ठेवताना कडुनिंबाचा पाला घालावा, नाहीतर कसर लागेल.’ तुम्ही तीन घोंगड्या मशीनमध्ये, गरम पाण्यात, साबणाच्या पावडरीने फिरवल्या. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की सुटत नाहीत. याच गुणावर आमचे लोक जेन, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं जाड अंथरूण, बनवतात. सहा हाताची घोंगडी पावणेपाच हात झाली, जाडजूड झाली, हा तिचा दोष नाही, ती खरी लोकर असल्याची पावती आहे. ६०० ची आखडली नसती, हेही खरं.

त्या तीन तुम्ही ८ जूनला परत पाठवल्यात, सोबत गडावरची माती, एकीला भोक, आणि चिठ्ठी: ‘पूर्ण पैसे परत करा.’ मी नाही म्हटलं. त्याच रात्री हा एक तारा आला. पैसे न देणं हे आमचं उद्धट वागणं झालं असेल तर असेल. आत्याबाईंनी त्या तीन बघितल्या, भोकाची रफू करायला घेतली आहे, आणि आखडलेल्या दोन आम्ही बसायच्या आसनांसाठी कापू म्हणाल्यात. आसनं नको असतील तर तसं कळवा, सगळ्या परत पाठवते.

हा अभिप्राय वाचून कालपासून दोन ऑर्डरी थांबल्या आहेत. एका बाईंनी सरळ विचारलं, ‘ताई, तुमच्याकडची खरीच लोकर का?’ मागावर आमच्या घरात आता एकटे मामंजी बसतात. माझे मिस्टर एमआयडीसीत जातात, मुलगा शिकतोय, तो बसेल असं वाटत नाही. म्हणून एका ताऱ्याचं एवढं लागलं.

सुधारणा करतोच आहोत. फोनचं काहीतरी बघते. माप दोनदा घ्यायला मामंजींना सांगितलंय, ते रागावले आहेत, पण घेतील. मशीनमध्ये घालू नये हे चिठ्ठीत मोठ्या अक्षरात यायला पाहिजे, तेही करू. आणि तुमच्यासारखे गडावर कार्यक्रम करणारे पुष्कळ फोन करतात, त्यांना दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने द्यायच्या का, असं मनात आहे. बघू कसं जमतं ते.

त्या दोन आखूड घोंगड्या पाठवून द्या, पाठवणीचा खर्च आमचा, बदलून पूर्ण मापाच्या मिळतील. फक्त धुऊ नका, आहेत तशाच पाठवा.