आमच्या मांजरघराबद्दल आलेल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. ऑपरेशन झालेल्या मांजरीला आठ दिवस पिंजऱ्यात डांबून ठेवलं, पोटभर खायला दिलं नाही, एकदाही अंघोळ घातली नाही, पोटावर गाठ आलेली मांजर हातात दिली आणि पैसे मात्र पूर्ण घेतले, असं तुम्ही लिहिलंय. चिमीच्या पोटावरची सूज आम्ही तुम्हाला फोन करून कळवायला हवी होती. ती आमची चूक आहे आणि त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. घरी गेल्यावर ती हाताला लागली तेव्हा तुम्ही किती घाबरला असाल, ते मला कळतं.

पण ‘डांबून’ हा शब्द मला फार लागला. म्हणून पिंजऱ्याबद्दल सविस्तर लिहिते.

तो पिंजरा चार फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. एका कोपऱ्यात लपायला आडवा खोका, दुसऱ्या कोपऱ्यात फाडलेल्या वर्तमानपत्राचा ट्रे (बारीक वाळू ओल्या जखमेला चिकटते म्हणून कागद), मधे अंथरूण. उंची आम्ही मुद्दामच कमी ठेवली आहे. नसबंदीच्या या ऑपरेशनमध्ये मांजरीची दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढतात. बाहेरून आपल्याला एवढीशी रेघ दिसते, पण तिच्याखाली पोटाच्या स्नायूंचा थर वेगळा शिवलेला असतो. मांजर उडी मारते तेव्हा सगळा ताण त्या आतल्या शिवणीवर येतो. ती उसवली तर आतडं थेट कातडीखाली येऊ शकतं. आणि मांजराची जात अशी, की दुखणं दाखवत नाही. तिसऱ्या दिवशी तिला हुशारी आली की ती तडक फ्रीजवर चढते. जखम भरायला मात्र 10 ते 14 दिवस लागतात. तुम्ही चिमीला सोडलंत तेव्हा डॉक्टरांचा कागद सोबत होता आणि त्यावर ‘उड्या मारू देऊ नये’ असं लिहिलेलं होतं. तो कागद आपण दोघींनी मिळून वाचला होता. मग मी तिला खोलीत मोकळी कशी सोडणार होते?

आणखी एक सांगायला नको वाटतं, पण सांगते. मंगळवारी तुमचा मुलगा तिला भेटायला आला. मी आत गणपतीच्या गडबडीत होते. आमचा दीड दिवसाचा, विसर्जनाची तयारी चालली होती. त्याने प्रेमापोटीच पिंजरा उघडला, डब्यातला तळलेला बांगडा तिच्यासमोर धरला आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली कॉलरही काढली. ती सुटली ती कपाटावर. तिला खाली उतरवायला आम्हाला पाऊण तास लागला. सूज त्या उडीमुळेच आली असं मी म्हणत नाही. शनिवारी डॉक्टरांनी पाहिलं, तेव्हा आतल्या विरघळणाऱ्या टाक्यांवर काही मांजरांना अशी टणक सूज येते, ती हळूहळू ओसरते, असं ते म्हणाले. लाली नव्हती, पू नव्हता, दाबल्यावर आत जात नव्हती. पण पिंजरा कशासाठी होता, ते त्या पाऊण तासात तुमच्या मुलाने डोळ्यांनी पाहिलंय. घरी विचारून पाहा.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या रात्री तिला नेहमीच्या खाण्याच्या पाव हिश्श्याएवढंच दिलं, कारण भूल उतरताना भरपूर खाल्लं की उलटी होते. त्या रात्री तिचं अंग गार पडलं होतं. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून तिच्या पाठीशी ठेवली आणि दर तासाला हिरड्यांचा रंग बघत मी जागी होते. फोनवर तुम्ही पॅरासिटामॉलचा तुकडा द्यायला सांगितलंत आणि मी ठाम नाही म्हटलं, तेव्हा तुम्हाला माझा राग आला. ताई, मांजराचं यकृत ते औषध पचवू शकत नाही, एका गोळीनेही मांजर दगावतं. डॉक्टरांनी तिच्यासाठी दिलेलं दुखण्याचं औषध होतं, ते वेळेवर दिलं. दुसऱ्याच दिवशी, पहिल्या रविवारी, दुपारपासून ती नीट जेवायला लागली. अंघोळ घातली असती तर टाके भिजले असते, आणि भाद्रपदातल्या या दमट हवेत ओली जखम लवकर चिघळते. आम्ही तिचे टॉवेलसुद्धा इस्त्री फिरवून वाळवत होतो.

पैशांबद्दल फार बोलत नाही. पाच दिवसांचा गणपती आटोपून काणकोणहून शनिवारी सकाळी येतो म्हणालात आणि रविवारी रात्री साडेनऊला आलात. ठरलेला दर दिवसाला 350 रुपये होता, तोच लावला. तरी तुमच्या मनात काही राहिलं असेल तर त्या जादा दिवसाचे परत करीन.

चवथीचे हे दिवस म्हणजे आमचा वर्षाचा मोठा आधार. फोंड्यातली निम्मी घरं मूळ गावी जातात, म्हणून लोक मांजरं आमच्याकडे ठेवतात. आज सकाळी एका बाईंनी तुमचा रिव्ह्यू वाचून दिवाळीचं बुकिंग रद्द केलं. दोन खोल्या आहेत, मी आहे आणि माझी वहिनी आहे, एवढाच आमचा पसारा. यापुढे मालकांना रोज फोटो पाठवायची काहीतरी सोय करतो. भेटीच्या वेळांचंही बघतो.

चिमीचे टाके बुधवारी काढायचे आहेत. तोवर कॉलर काढू नका, कितीही केविलवाणी ओरडली तरी. टाके चाटून उसवायला मांजरीला रात्र पुरते. टाक्यांवर हळद लावू नका, डेटॉल तर मुळीच नको. सूज वाढली, पाणी सुटलं किंवा तिने खाणं सोडलं तर बुधवारची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. तुमची गाडी नसेल तर मी येते, कितीही वाजले तरी. तिचा निळा टॉवेल आमच्याकडेच राहिलाय, धुऊन ठेवलाय.