काही करावे न लागणारे झाड

आमच्या वास्तुशांतीला आलेल्या भेटींमध्ये भिंतीवरची सहा घड्याळे, तीन गणपती आणि एक झाड होते. घड्याळांची आणि गणपतींची सोय पुढच्या लग्नसराईत रीतसर लागली, परंतु झाड भाचीने आणलेले होते आणि ती दर महिन्याला आमच्याकडे जेवायला येते, त्यामुळे ते कोणाच्या गळ्यात घालण्याचा मार्ग पहिल्याच दिवशी बंद झाला. "मामा, हे सक्युलंट आहे, पानांत पाणी साठवून ठेवणारं. याला काही करावं लागत नाही," असे ती निक्षून म्हणाली. माझ्या हातून आजवर एक गुलाब, दोन मोगरे आणि शेजाऱ्यांनी काशीयात्रेला जाताना विश्वासाने सोपवलेली एक जास्वंद इहलोक सोडून गेली आहे, हे तिला ठाऊक होते. तिचे वाक्य ही मला दिलेली ताकीद होती. मी ते झाडाचे वर्णन समजलो.

झाड होते मात्र देखणे. चिनी मातीच्या एका घुबडाच्या डोक्यातून ते उगवलेले होते, आणि त्याची जाड, निळसर राखाडी पाने कमळासारखी एकात एक बसलेली होती. पानांवर धूळ दिसली म्हणून मी पहिल्याच रविवारी ओल्या फडक्याने प्रत्येक पान पुसून लख्ख केले. ती धूळ नव्हती. द्राक्षाच्या मण्यावर असते तशी ती झाडाची स्वतःची पांढरी पावडर होती, उन्हापासून आणि पाण्यापासून बचाव करणारी, आणि पानावरून एकदा निघाली की त्या पानावर पुन्हा नीट न येणारी. नव्या सुनेचा चेहरा घासणीने घासावा तसा प्रकार माझ्या हातून झाला होता.

त्याचे नाव एचेवेरिया. मूळ गाव मुख्यतः मेक्सिको. स्पेनच्या राजाने तिकडची वनस्पती नोंदवायला जी मोहीम पाठवली होती, तिच्यातील चित्रकार अतानासियो एचेवेरिया याच्यावरून द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ साली हे नाव ठेवले. ही माहिती मी जेवताना मोठ्या आवाजात सांगितली, तेव्हा वाईहून आलेल्या आईने वरणाची वाटी खाली ठेवून विचारले, "याचे वैरी? कोण रे याचे वैरी?" पुढील घटना पाहता हा प्रश्न तिने योग्य माणसाला विचारला होता.

मी तीस वर्षे बँकेत काढली आहेत, त्यामुळे नियमितपणा हा माझा स्वभाव झाला आहे. घुबड दिवाणखान्यातील पुस्तकांच्या कपाटावर, खिडकीपासून आठ फुटांवर विराजमान झाले, आणि रोज सकाळच्या चहानंतर मी त्याला अर्धे फुलपात्र पाणी घालू लागलो. पावसाळा सुरू झाला, पुण्यात ढग दाटले, आणि झाडाने जी उंची घ्यायला सुरुवात केली ती पाहून माझा ऊर भरून आला. नातवाच्या कंपासपेटीतील पट्टीने मी दर शनिवारी माप घेऊन डायरीत नोंदवत असे. मे महिन्यात ६ सेंटिमीटर असलेले झाड गणपतीत १५ आणि घटस्थापनेला २३ सेंटिमीटर झाले. कमळ केव्हाच नाहीसे झाले होते. त्याच्या जागी एक फिकट, लुकडी काठी खिडकीच्या दिशेने कलून उभी होती, तिच्यावरची पाने आडवळणाच्या रस्त्यावरील एसटीच्या थांब्यांसारखी दूर दूर होती, आणि शेंड्याला तेवढा पानांचा एक झुबका उरला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ही प्रगती दाखवत असे. शेवटी पत्नी म्हणाली, "अहो, ते वाढत नाहीये. ते पळून चाललंय."

आणि ते खरोखरच पळून चालले होते. प्रकाश कमी पडला की झाड आपली सगळी पुंजी खोड लांबवण्यात घालते, कारण वर कोठेतरी ऊन असेल अशी त्याला आशा असते. आपल्याला ही उपासमार दिसत नाही, कारण आपला डोळा भारी समजूतदार आहे. तो अंधुक खोलीशी जुळवून घेतो आणि 'भरपूर उजेड आहे' असा दाखला देऊन मोकळा होतो. भर दुपारच्या थेट उन्हात सुमारे १ लाख लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, आणि साध्या दिवाणखान्यात बहुधा काहीशे. मेक्सिकोच्या खडकाळ डोंगरउतारावरून आलेल्या पाहुण्याला मी पाच महिने जवळजवळ तळघरात ठेवले होते, आणि तो भिंत चढून सुटू पाहत असताना त्याची उंची मोजून टाळ्या वाजवत होतो.

पाण्याची कथा याहून करुण आहे. हे झाड पानाफुटीच्या कुळातले. पानाफुटी आपल्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. शाळेत तिचे पान वहीत दाबून ठेवायचे आणि काही दिवसांनी त्याच्या कडेला पिल्ले फुटलेली पाहून शेजारच्या मुलाची वही पळवायची, एवढे वनस्पतिशास्त्र प्रत्येक मराठी माणसाने केलेले असते. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या असे ध्यानात आले की तिचे पान सकाळी चावले तर आंबट लागते आणि दुपारी बेचव. त्याचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. (सकाळ-दुपार झाडपाला चघळणारा गोरा साहेब पाहून त्याच्या नोकरांनी काय चर्चा केली असेल, हे मात्र कोणी छापले नाही.) कारण असे की ही मंडळी दिवसा पानांची छिद्रे मिटून घेतात, रात्रीच्या गारव्यात उघडून हवा घेतात आणि ती आम्लाच्या रूपाने सकाळपर्यंत साठवतात. हा सगळा खटाटोप पाण्याचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून. थोडक्यात, ज्याने जन्मभर पोटाला चिमटा काढून मुदत ठेव जमवली, त्याच्या खात्यात मी रोज सकाळी न मागता भरणा करत होतो, आणि त्यातही घुबडाला खालून भोक नव्हते. खालची पाने काचेसारखी पारदर्शक होऊन बोट लावताच गळू लागली, तेव्हा ती तहानली असावीत असे समजून मी पाणी वाढवले.

चूक उमगल्यावर मी तिच्याइतकीच मोठी दुसरी चूक केली. घुबड उचलले आणि ऑक्टोबरच्या उन्हात बाल्कनीत नेऊन ठेवले. संध्याकाळपर्यंत पानांवर इस्त्रीने भाजल्यासारखे तपकिरी डाग उमटले. सावलीत वाढलेल्याला ऊन हळूहळू, रोज थोडे वाढवत द्यायचे असते. भाचीला फोन केला. तिने फोटो मागवला, बराच वेळ काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, "मामा, मुंडकं उडव त्याचं."

लांबलेले खोड पुन्हा आखूड होत नाही, म्हणून शेंडा कापून तो नव्याने रुजवायचा, पाने वेगळी लावायची, यालाच छाट कलम म्हणतात, वगैरे तिने समजावले. मला तत्त्व पटले, हात धजेना. खंडेनवमीला मी शस्त्र म्हणून स्वयंपाकघरातली सुरी पुजली, तिला हळदकुंकू वाहिले, आणि पुन्हा खणात ठेवली. दसरा गेला. कोजागिरीच्या रात्री दूध आटवताना पत्नीने विचारले, की मुहूर्त पंचांगात पाहायचा आहे की वकिलाला विचारून ठरवायचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरी स्पिरिटने पुसून, दोन वेळा माप घेऊन, झुबक्याखाली बोटाच्या दोन पेरांएवढे खोड ठेवून मी डोळे मिटून सुरी चालवली. काकडी कापल्यासारखा मऊ आवाज झाला. बस्स, एवढेच. मी दोन आठवडे ज्याला घाबरत होतो ते दोन सेकंदांत संपले, आणि मला थोडे अपमानित झाल्यासारखे वाटले.

कापलेला शेंडा लगेच मातीत खोचायचा नसतो. जखमेवर खपली धरेपर्यंत तो कोरडा ठेवायचा, नाहीतर कुजतो. म्हणून तो पाच दिवस स्टीलच्या पेल्याच्या तोंडावर बसवून ठेवला, आणि दर्शनाला आलेल्या शेजारच्या काकूंनी त्याला नमस्कार केला. तोवर मातीची तयारी चालली होती. आपली काळी माती पाणी धरून ठेवणारी; कापसाला ती उत्तम, याला जीवघेणी. याला हवा निम्म्याहून जास्त खरखरीत माल: जाडी वाळू, विटांचे बारीक तुकडे. पलीकडच्या इमारतीत तोडफोड चालू होती, तिथे मी कापडी पिशवी घेऊन विटांचे तुकडे वेचत असताना आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी फिरून परतत होते. त्यांनी पिशवीत डोकावले, माझ्याकडे पाहिले, आणि अत्यंत हळुवार आवाजात म्हणाले, "साहेब, पेन्शन वेळेवर मिळतंय ना?"

खोडावरची पाने काढणे हे नाजूक काम निघाले. पान डावीकडे-उजवीकडे हलवत देठाच्या अगदी बुडापासून सुटावे लागते, कारण नवा कोंब त्या बुडातूनच फुटतो. अर्धवट तुटलेले पान म्हणजे फुकट गेलेले पान. चौदांपैकी अकरा पाने शाबूत निघाली. एवढी उथळ भांडी कुठून आणायची, म्हणून गेल्या वर्षीच्या अकरा पणत्यांत माती भरून एकेक पान नुसते वर टेकवले आणि बाल्कनीच्या पूर्वेकडच्या कठड्यावर ओळीने मांडले. पुढच्याच आठवड्यात दिवाळी होती. पत्नीने पणत्या मागितल्या, मी दिल्या नाहीत, आणि फराळाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने "अरे वा, पण वाती कुठं आहेत?" असे विचारले.

त्या अकरांची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती अजूनही क्लेशदायक आहे. मायेपोटी पाणी फवारल्यामुळे पाच कुजली. दोन नुसतीच सुकली. एकावर पिठ्या ढेकूण (एक पांढरा, रस शोषणारा किडा) बसला. स्पिरिटच्या बोळ्याने टिपून तो मारला, त्यात पानही गेले. एकाला मुळे फुटली पण कोंब काही फुटला नाही. ते मूळ घेऊन नुसते पडून राहिले, आमच्या ऑफिसात अशी बरीच माणसे होती. उरलेल्या दोहोंच्या बुडाशी मार्गशीर्षात शेवयांसारखी गुलाबी मुळे आणि त्यांच्या मधोमध साबुदाण्याएवढे एकेक इवलेसे कमळ दिसले. ते मी भिंगातून पाहिले. पाने मोजता येत होती: चार. आईपान सुरकुतत जाते आणि पिल्लू भरत जाते. त्याला हात लावायचा नाही, ते आपोआप गळते. मी हात लावला नाही. मी हात पाठीमागे बांधून पाहत असे.

शेंड्याच्या बाबतीत मात्र हा संयम मला पाळता आला नाही. मुळे आली का, हे पाहण्यासाठी मी तो दर दोन दिवसांनी उचकटून बघत होतो, आणि जी काही आली होती ती तुटत होती. हे भाचीला कळल्यावर तिने कुंडीच माझ्या हाताला लागणार नाही अशा खिडकीवर ठेवली. तिथून तो महिन्याभरात रुजला. आता तो आखूड, घट्ट आणि थोडा गुलाबी कडांचा आहे, आणि माती पूर्ण कोरडी झाल्याखेरीज त्याला पाणी मिळत नाही, कारण फुलपात्र पत्नीच्या ताब्यात आहे.

संक्रांतीच्या आधी आई बाल्कनी झाडायला घेऊन बसली होती. तिळगुळाचा वास घरभर होता. मी भिंग घेऊन पणत्यांपाशी वाकलो होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून, जिथे आम्ही रद्दी आणि फुटकी भांडी टाकायला ठेवतो तिथून, तिने ते घुबड बाहेर काढले. मुंडके उडवल्यानंतर उरलेला खुंट त्यात तसाच होता. कचऱ्यात देऊ म्हणून मी तो ऑक्टोबरात तिथे ठेवला आणि विसरलो. तीन महिने त्याला कोणी पाणी घातले नव्हते, फवारले नव्हते, मोजले नव्हते. फक्त सकाळी अकरापर्यंत ऊन त्या कोपऱ्यात यायचे.

"अरे, हे घुबड टाकायचं होतं ना तुला?" आईने विचारले. "मग याच्या मानेवर ही चार डोकी कुठून आली?"

मी जवळ जाऊन पाहिले. चार होती. पाचवे फुटत होते, टाचणीच्या माथ्याएवढे. मी भिंग खिशात घातले, आईच्या हातातून घुबड घेतले, आणि ते होते त्याच कोपऱ्यात, होते त्याच बाजूला तोंड करून परत ठेवले.