रूट लॉगिन अडलं? ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ टाकण्याआधी एरर क्रमांक वाचा

मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरमध्ये रूट (मुख्य प्रशासक खातं) म्हणून शिरता येत नसेल तर एक ठरलेला तोडगा सगळीकडे फिरतो: कॉन्फिगमध्ये (सर्व्हरच्या सेटिंग्जच्या फाइलीत) ‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ हा अधिकार-तपासणी बंद करणारा पर्याय टाका, यूझर टेबलमध्ये पासवर्ड अपडेट करा, रूटला ‘नेटिव्ह पासवर्ड’ हे पासवर्ड तपासायचं जुनं प्लगइन लावा, आणि नाहीच जमलं तर काढून पुन्हा इन्स्टॉल करा. यातलं बरंचसं जुनं झालंय, उरलेलं धोक्याचं आहे.

‘पासवर्ड चुकलाय’ हे गृहीतकच पुष्कळदा खोटं असतं. एरर १०४५ आली तर पासवर्ड किंवा होस्ट तपासा. पण १६९८ आली तर बहुधा पासवर्डचा संबंधच नाही. उबुंटूच्या पॅकेजमध्ये रूट खात्याला ‘ऑथ सॉकेट’ प्लगइन असतं, मारियाडीबीत (मायएसक्यूएलपासून निघालेला वेगळा डेटाबेस) १०.४ पासून ‘युनिक्स सॉकेट’. समोरचा लिनक्स यूझर कोण आहे, एवढंच ते पाहतं. म्हणून ‘सुडो मायएसक्यूएल’ म्हटलं, म्हणजे लिनक्सच्या रूटच्या नावाने चालवलं, की काम होतं. होस्ट म्हणून १२७.०.०.१ दिलात तर जोडणी टीसीपीवरून, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने जाते, तिथे सॉकेटची ओळख चालत नाही.

ऑरेकलच्या आरपीएम पॅकेजमधून नवं इन्स्टॉलेशन केलं असेल, तर तात्पुरता पासवर्ड मायएसक्यूएलडीच्या (सर्व्हर प्रोग्रामच्या) लॉगमध्ये लिहिलेला असतो. तो आधी शोधा.

‘स्किप-ग्रँट-टेबल्स’ चालू असेपर्यंत कोणीही, पासवर्डशिवाय, सगळे अधिकार घेऊन आत येतो. मायएसक्यूएल ८.० मध्ये त्यासोबत नेटवर्क आपोआप बंद होतं, ५.७ मध्ये होत नाही, म्हणजे दार बाहेरच्यांनाही उघडं. शिवाय या अवस्थेत ‘ऑल्टर यूझर’ ही पासवर्ड बदलायची आज्ञा एरर १२९० देऊन थांबते. आधी ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ (अधिकारांची टेबल्स पुन्हा वाचायची आज्ञा) लागतं. मग लोक टेबलवर थेट अपडेट चालवतात. तेही फसतं: ‘पासवर्ड’ हा कॉलम ५.७.६ मध्येच गेला, ‘पासवर्ड’ फंक्शन ८.०.११ मध्ये गेलं, आणि मारियाडीबी १०.४ पासून ते यूझर टेबल नुसता व्ह्यू, म्हणजे दुसऱ्या टेबलवरून दिसणारं दृश्य आहे.

पासवर्ड खरोखरच हरवला असेल तर ‘इनिट-फाइल’ (सर्व्हर सुरू होताना चालणाऱ्या आज्ञांची फाइल) वापरा. एका फाइलीत रूट@लोकलहोस्टसाठी ‘ऑल्टर यूझर … आयडेंटिफाइड बाय’ ही एकच ओळ लिहा. फाइलीचा मालक ‘मायएसक्यूएल’ हा यूझर, परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल). उबुंटूवर ती ‘व्हार/लिब/मायएसक्यूएल-फाइल्स’मध्ये ठेवा, कारण बऱ्याच इतर ठिकाणची फाइल ॲपआर्मर (उबुंटूची सुरक्षा-यंत्रणा) वाचू देत नाही आणि मग सर्व्हर उठतच नाही. कॉन्फिगच्या मायएसक्यूएलडी विभागात ‘इनिट_फाइल’ची ओळ घाला, सर्व्हिस रीस्टार्ट करा, लॉगिन तपासा. मग ओळ आणि फाइल दोन्ही काढा. ओळ विसरलात तर दर रीस्टार्टला तोच पासवर्ड पुन्हा बसेल, आणि फाइलीत तो उघडा पडलेला असेल. सर्व्हर इथे क्षणभरही बिनकुलपाचा राहत नाही, हाच या पद्धतीचा खरा फायदा.

‘नेटिव्ह पासवर्ड’चा सल्ला आता थेट मोडतो: मायएसक्यूएल ८.४ मध्ये ते प्लगइन मुळातच बंद असतं (एरर १५२४), ९.० मध्ये काढूनच टाकलंय. ॲप्लिकेशनला जोडणी हवी म्हणून लोक हे करतात. त्यासाठी रूटला हात लावू नका. वेगळा यूझर बनवा आणि त्याला फक्त त्याच्या डेटाबेसचे अधिकार द्या.

पुन्हा इन्स्टॉल करण्याबद्दल: ‘ॲप्ट रिमूव्ह’ने डेटा डिरेक्टरी जात नाही, त्यामुळे जुनं रूट खातं जसंच्या तसं परत येतं. ‘पर्ज’ (सेटिंग्जसकट पूर्ण काढणं) करताना डेटाबेस पुसायचे का, असं विचारलं जातं. तिथे ‘हो’ म्हटलंत तर लॉगिनची अडचण सुटते, पण सगळा डेटा गेलेला असतो.